इथे खणायला मनाई आहे!

बालदोस्तांनो, मे महिन्यात कोकणात सगळेच जातात. पण एकदा फेब्रुवारीत जाऊन बघा! रत्नागिरी-गुहागरच्या वाटेवर आंबा मोहोरलेला असतो, काजूला बोंडं धरू लागलेली असतात. मात्र एखाद्या घरामागच्या परसात शिरलात, तर म्हणाल, "अरेच्चा, इथं तर सगळं वाळून गेलंय!"

चाफ्याला एक पान नाही. सोनटक्का पिवळा पडून आडवा झालेला. आणि जांभ्या दगडाच्या गडग्यापाशी तर नुसती उघडी माती!

पण थांबा. ही झाडं मेलेली नाहीत, विसावा घेताहेत. माघ-फाल्गुनात त्यांना जागं करायचं असतं, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी बरं का!

पहिला मान मोगऱ्याचा. थंडीत काही दिवस त्याचं पाणी तोडतात. मग वाळक्या, वेड्यावाकड्या फांद्या छाटायच्या, आळ्यातली माती भुसभुशीत करून शेणखत घालायचं आणि पुन्हा पोटभर पाणी द्यायचं. एवढी काटछाट बघून वाईट वाटतं ना? पण मोगऱ्याच्या कळ्या येतात त्या नव्या, कोवळ्या फुटीवर. दया येऊन कात्री बाजूला ठेवलीत, तर झाड नुसतं उंच वाढेल, गजऱ्यापुरती फुलं मिळणं कठीण!

सोनटक्क्याचा एक दांडा एकदाच फुलतो. म्हणून फुलून गेलेले दांडे जमिनीलगत कापून टाकतात. खाली आल्यासारखे कंद असतात, त्यांतून नवे कोंब येतात. फार दाटी झाली असेल, तर कोंबासकट एखादा तुकडा शेजारच्यांनाही द्यावा. आणि एक गंमत सांगू? हाच सोनटक्का दूरच्या क्यूबा देशाचं राष्ट्रीय फूल आहे!

चाफ्याला मात्र अगदी उलट वागणूक. पानं नसताना कीव येऊन बादलीभर पाणी ओतत बसलात, तर खोड कुजेल. त्याला गुपचूप उभं राहू द्या.

आता ती गडग्यापाशीची उघडी माती. तिथं कुदळ घेऊन जाल, तर घरातली आजी ओरडेलच, "अरे, तिथं खणू नको!" कारण खाली भुईचाफा झोपलाय. हा आलं-हळदीच्या कुळातला. पावसाळ्यात पानं, थंडीत गायब! मार्च-एप्रिलमध्ये पान दिसायच्या आधीच पांढरी-जांभळी, सुवासिक फुलं थेट मातीतून वर येतात. कुदळीचा एक घाव बसला, की संपलं सगळं! म्हणून पानं असतानाच तिथं खुणेची काठी रोवून ठेवायची.

तुमच्या गॅलरीतही वाळल्यासारखी एखादी कुंडी असेल, नाही का? ती फेकण्याआधी फांदीची साल नखानं हळूच खरवडा. आत हिरवं दिसतंय? किंवा मातीतला कंद बोटानं चाचपून बघा. टणक लागतोय? मग थोडा धीर धरा. ते झाड जिवंत आहे!