हात लावू नको

सहा-सात वर्षांचा असेन. बा वैरणीचा भारा घेऊन वाड्यावर गेला, मी मागनं. ओट्यावर ग्रामोफोन लावलेला. काळी तबकडी गरागरा फिरत होती. मी बोट पुढं केलं. "हात लावू नको!" कोण ओरडलं कळलं नाही, पण मुस्काटात मारली ती बानं. दुसऱ्या कुणी मारायच्या आधी. मागाहून ऐकलं, तबकडी धुऊन घेतली. बोट तर लागलंच नव्हतं.

हे आठवलं जोसेफ सॅडलरची हकिकत वाचताना. जग त्याला ग्रँडमास्टर फ्लॅश म्हणतं. १९५८ साली बार्बाडोसला जन्मला, वाढला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधे, गरीब काळ्यांच्या वस्तीत. बापाच्या रेकॉर्डांना हात लावला की त्यालाही मार. पण तो मार बापाचा होता. माझ्या बाच्या हातामागं अख्खं गाव उभं होतं. दोन्ही एक नव्हेत.

हा गडी मार खाऊनही सुधारला नाही. घरातले रेडिओ खोलायचा. पुढं शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकला. तेव्हा, १९७३ पासून, कूल हर्क गाण्यातला नुसता तालाचा तुकडा वाजवून पोरं नाचवत होता. तुकडा काही सेकंदांचा. संपला की संपला. फ्लॅशनं एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या. तबकडीवर रंगीत खडूनं खूण केली. एक वाजतेय तोवर दुसरी बोटानं उलटी फिरवायची, फेरे मोजायचे, नेमकं सोडायचं. ताल तुटायचा नाही. चार सेकंदांचा तुकडा हवा तेवढा लांबवा. लोक म्हणायचे, बोटं लावून रेकॉर्ड खराब करतो. त्याच्याच संगतीत थिओडोर नावाच्या पोरानं तबकडी सुईखाली मागंपुढं घासून नवाच आवाज काढला.

१९८१ साली फ्लॅशनं तीन यंत्रांवर वाजवलेलं काम तबकडीवर निघालं. दुसऱ्याच वर्षी 'द मेसेज' गाजलं. वर नाव त्याचं अन् त्याच्या टोळीचं, आत त्याची बोटं जवळपास नाहीतच. २००७ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं त्या टोळीला मान दिला. हिप-हॉपमधल्या टोळीला पहिल्यांदाच. हाताला अक्कल असते, हे मानायला जगाला एवढी वर्षं लागली.

परवा नातवानं माझ्या जुन्या प्लेअरवरच्या फिरत्या तबकडीवर बोट ठेवलं. खर्र झालं. तोंडाशी आलेले तीन शब्द मी गिळले.

म्हटलं, पुन्हा कर.