सुलतानपूरची पंगत

लोणारचे सरोवर पाहायला जाणाऱ्यांना सुलतानपूर हे गाव बहुधा वळणापुरतेच ठाऊक असते. जालन्याहून सिंदखेडराजा, दुसरबीड, बिबी अशी गावे मागे टाकीत एस. टी. पूर्वेकडे येते, सुलतानपूरला थांबते, आणि तिथून लोणारचा रस्ता दक्षिणेला उतरतो. सरोवर तिथून बाराएक किलोमीटर. प्रवासी चहा घेतात, घड्याळ पाहतात आणि पुढे निघतात. आता समृद्धी महामार्ग झाल्यापासून चहापुरतेही थांबणारे कमी झाले असतील. बुलढाणा जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाला मुद्दाम मुक्काम करावा असे एरवी मलाही सुचले नसते.

पण माझा एक जुना विद्यार्थी या गावचा. शेतात हुरडा आला की "सर, यंदा तरी या" असे त्याचे बोलावणे दरवर्षी ठरलेले. गेल्या पौषात मी ते मानले आणि बरोबर धाकटी बहीण व तिचा पाच वर्षांचा मुलगा यांना घेतले. बहीण आधी तयारच होईना. "दादा, हा तिथं खाणार काय?" एवढा एकच तिचा प्रश्न.

प्रश्न गैरवाजवी नव्हता. चिरंजीवांचा आहार म्हणजे पांढरा भात, बिस्किटे, शेव आणि दूध. दूध मात्र दिवसाकाठी लिटरभर. भाजी दिसली की ताट परत. जेवण तासतास चाले; मोबाइलवर चित्रे हलत असायची आणि त्या नादात तोंड उघडेल तेव्हा घास आत जायचा. दोन वर्षांत माझ्या बहिणीने स्वतः ऊन पोळी खाल्लेली मला आठवत नाही. त्यातच रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन कमी निघाले. डॉक्टरांनी लोहाचे औषध दिले आणि दूध निम्म्यावर आणायला सांगितले. दुधात लोह जवळजवळ नसतेच, आणि दुधाने पोट भरले की ज्यात ते असते असे अन्न पोटात जायला जागाच उरत नाही. पण पोरगे जी एकच वस्तू बिनतक्रार घेते तीच कमी करायची, हे आईच्याने कसे व्हावे?

सुलतानपुरात हा प्रश्न म्हशीने सोडवला. म्हशी घरी दोन होत्या, पण त्यांचे दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जाई. घरात चहापुरते आणि विरजणापुरतेच राही. बहीण पिशवीचे दूध आणायला दुकानात निघाली, तेव्हा माझ्या विद्यार्थ्याच्या आजीने तिला दारातच अडवले.

"त्याले भूक लागू द्या की, बाई."

"आजी, त्याला भूक लागतच नाही हो."

"लागंन कशी? तुम्ही लागू देता का? लेकराच्या मांगं मांगं वाटी घेऊन फिरलं, तं कोंबडीबी भिऊन पळते."

आजी शाळेत गेलेल्या नाहीत. पण त्यांच्या पंगतीचे काही नेम होते आणि ते चार दिवसांत मी नीट पाहून घेतले. जेवण दोन वेळा, आणि मध्ये चारच्या सुमाराला थोडेसे काही. अधल्यामधल्या वेळी पाण्याखेरीज काही मिळत नसे. सगळे एका ओळीत भुईवर बसत, मोठी माणसेही. पातेल्यात तिखट पडण्यापूर्वी पोरांपुरते वरण आणि भाजी वाटीत काढून ठेवलेली असे. ताटात एक चतकोर भाकर, चमचाभर भाजी, वरण, ताक, दाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. पहिले वाढप मुद्दाम इतके थोडे की पोराने ते पाहून घाबरू नये. मागेल त्याला पुन्हा. खा म्हणायचे नाही, आणि खाल्ले तर शाबासकीही द्यायची नाही. उरले तर म्हैस होतीच.

पहिल्या दिवशी आमच्या चिरंजीवांनी गूळ खाल्ला आणि भाकरीचा पापुद्रा सोलून त्याच्याशी खेळले. बहिणीचे डोळे भरून आले. ती मोबाइल काढू लागली, तो आजींनी शांतपणे फडताळात ठेवून दिला. त्या रात्री पोर थोडे रडून झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या मुलीने वरणात भाकर कुस्करलेली त्याने पाहिली आणि स्वतःच्या ताटात तसेच केले. कोणी काही बोलले नाही. मीही ताकाच्या वाटीकडे पाहत राहिलो. बहिणीला मात्र ठसका लागला.

पेशाने मराठीचा मास्तर असल्याने मला व्याकरण आठवल्यावाचून राहत नाही. 'जेवणे' या क्रियेचा कर्ता जेवणारा असतो. 'भरवणे' हे प्रयोजक झाले, तिथे कर्ता दुसराच. आमच्या शहरातल्या घरांतून मूल सहा-सहा वर्षांचे होईतो 'भरवणे' चालू असते. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होते. पुढे दरसाल दोनएक किलोच वाढते. म्हणजे भूक मंदावते ती निसर्गानेच. त्याच वयात नव्या पदार्थाची धास्तीही बळावते. नेमके तेव्हाच आपण घाबरून वाटी घेऊन मागे लागतो.

यावर अमेरिकेत एक प्रयोग झालेला आहे. क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरीण बाईंनी 1926 च्या सुमारास नुकत्याच अंगावरून तुटलेल्या मुलांपुढे निरनिराळे पदार्थ ठेवले आणि त्यांना हवे ते, हवे तितके खाऊ दिले. दाईने बोट दाखवायचे नाही, आग्रह करायचा नाही. पुढे 1939 साली त्यांनी या पंधरा मुलांची हकीकत मांडली. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, एका जेवणाचा दुसऱ्याशी मेळ नाही. पण मुले सगळी धडधाकट. हे ऐकून कोणी पोरापुढे बिस्किटांचा डबा उघडा टाकील, म्हणून बाईंनीच खरी मेख सांगून ठेवली आहे. त्यांच्या यादीतले चौतीसही पदार्थ साधे आणि सकस होते. साखर घातलेले त्यात काही नव्हते. यादी बाईंची, निवड मुलांची. आजींच्या फडताळात चौतीस पदार्थ निघाले नसते, पण कारभार तोच होता.

आता घरोघरच्या आयांना लागणारी गोष्ट सांगतो, कारण माझ्या बहिणीने ती वहीत उतरवून घेतली आहे. वऱ्हाडात एकाच ज्वारीची किती रूपे होतात पाहा. सकाळी उकडपेंडी: पीठ खमंग भाजून कांद्याच्या फोडणीत ताकाचा हबका देऊन वाफवलेले. कधी धिरडी, पोरांसाठी वाटीच्या तोंडाएवढी. दुपारी भाकर. रात्री ताकातल्या कण्या. चार वाजता लाह्या, नाहीतर उन्हाळ्यात वाळवलेले धापोडे विस्तवावर भाजून. कुरकुरीत लागते म्हणून शेव आवडणाऱ्या मुलाला धापोडा आवडायला वेळ लागत नाही. गव्हाच्या चिकोल्या, म्हणजे आपली वरणफळे, कापायला पोरांच्याच हाती देत; तिरक्या-वाकड्या कापल्या तरी त्या आपल्या म्हणून खाल्ल्या जात. पालक वरणातच शिजे, वर लिंबू पिळलेले. लिंबाने भाजीतले लोह अंगी लागायला मदत होते. चहा मात्र जेवणालगत पोरांना नाही. एक सूचना माझी: चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, घशात अडकतात, कूट द्यावे.

तिसऱ्या दिवशी हुरडा. शेतात आता सोयाबीनचेच राज्य आहे. ज्वारी घरापुरती, बांधाकडेच्या एका तुकड्यात. गोवऱ्यांची आगटी पेटवली, कणसे आत खुपसली, आणि माझा विद्यार्थी ती तळहातावर चोळून फुंकर मारून हिरवे दाणे पोरांच्या ओंजळीत टाकू लागला. हात भाजत होते, सगळे हसत होते, लसणाच्या चटणीने नाके वाहत होती. आमच्या चिरंजीवांनी दाणे हुंगले, एक चघळून थुंकून टाकला. आणखी एक चघळला. तो गिळला. नवी चव मुलाच्या जिभेला रुळायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते असे आहारशास्त्रातले जाणकार सांगतात. आपण दोनदा वाढून 'याला आवडतच नाही' असा शेरा मारून मोकळे होतो.

पण एवढ्यावरून खेड्यातली मुले सगळी पोटभर जेवतात असा ग्रह कोणी करून घेऊ नये. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तीतून अंगणवाड्या आल्या; मुलांना वजनकाट्यावर ठेवून नोंद करायचे काम तिथे चालते, ते उगीच नव्हे. हट्टाने ताट सारणे निराळे आणि ताटातच काही नसणे निराळे. शिवाय मुलाचे वजन घटू लागले, घास गिळताना ते कासावीस झाले, किंवा दोन-तीन वस्तूंखेरीज काहीच घेईनासे झाले, तर आजींचा उपाय पुरणार नाही. तिथे डॉक्टरच गाठावा. औषध तर आम्ही सुलतानपुरातही एक दिवस चुकवले नाही.

निघायच्या दिवशी लोणार पाहिले. उल्केच्या आघाताने बसाल्टात पडलेले ते विवर, जवळजवळ दोन किलोमीटर रुंद, काठाला दाट झाडी आणि मध्ये खारे पाणी. तिथे साबणाचे व काचेचे साहित्य मिळते, अशी नोंद 'आईन-ए-अकबरी'त आहे. 2020 च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झाले होते, ते खारात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा मान मिळाला. मी हे सगळे भाच्याला उत्साहाने सांगत होतो. तो म्हणाला, "मामा, भूक लागली." आजींनी फडक्यात भाकर आणि दाण्याची चटणी बांधून दिली होती. विवराच्या काठावर बसून बहिणीने आधी स्वतः खाल्ली, त्याच्याकडे न पाहता. हे तिला फार जड गेले असावे.

नंतरच्या तपासणीत हिमोग्लोबिन वाढलेले निघाले. त्यात औषधाचा वाटा किती आणि ताटाचा किती, ते मी सांगू शकत नाही. दूध आता दोन पेले. ज्वारीची धिरडी चालतात. वांग्याचे भरीत चालते, पण कांदा वेचून. भेंडीला अजून हात लावत नाही.