वडाळ्याचा चहा

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या माणसाबरोबर वडाळ्याच्या अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयात गेलो होतो. नाव लिहीत नाही. खालापूर तालुक्यातला आहे, एवढंच. पाठीवर आणि दंडावर मिळून सहा-सात फिकट चट्टे. चिमटा काढला तरी कळत नाही. वर्षभर नायटा समजून मलम चोळलं.

खरं तर तपासणी आणि गोळ्या आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यातही फुकट मिळतात. पण त्याला मुंबईच हवी होती. "इथं रांगेत कोणी पाह्यलं तर पोरीचं जमलेलं लग्न मोडेल, दादा." यावर मी काय बोलणार? 2019 पर्यंत कुष्ठरोग हे आपल्या कायद्यात घटस्फोटाचं कारण होतं. कायदा बदलला, सोयरीक जुळवणारे तेच आहेत.

पहाटेची कर्जत लोकल, कुर्ल्याला उतरून हार्बरने वडाळा. आता माझंही सांगतो. पत्रकारितेचा डिप्लोमा, आरोग्यावर ढीगभर बातम्या, पण शेजारी जागा असूनही मी त्याच्या समोर जाऊन बसलो. त्याच्या लक्षात आलं असणार. काही बोलला नाही.

हे रुग्णालय 1890 चं. रस्त्यावरच्या बेघर रुग्णांसाठी ते उभं करण्यात ज्यांचा पुढाकार होता, त्या पालिका आयुक्त अ‍ॅक्वर्थ यांचं नाव त्याला आहे. (हेच ते अ‍ॅक्वर्थ साहेब, ज्यांनी शाळिग्रामांच्या सोबतीने 1891 साली मराठी पोवाडे गोळा करून छापले.)

आवारात एका म्हाताऱ्या बाबांनी चहा पुढे केला. बोटं आत वळलेली, कप दोन्ही तळव्यांत धरलेला. माझा हात लगेच पुढे गेला नाही. बाबांनी ते पाहिलं. "घ्या, साहेब. मला बरं होऊन जमाना झाला." चहा घेतला. गोड मिट्ट होता.

बोटं 'झडतात' असं मीही लहानपणापासून ऐकत आलो. डॉक्टरांनी नीट सांगितलं. जंतू नसांवर हल्ला करतो, स्पर्श कळेनासा होतो. मग चुलीवरचं भांडं भाजतं, पायात काटा रुततो, माणसाला पत्ताच नाही. जखम चिघळत जाते आणि हातपाय खराब होतात. आजार बरा झाला तरी ती विकृती राहते, आणि आपण नेमके तिलाच घाबरून लांब पळतो. ज्याच्यापासून लागण होऊ शकते तो उपचार न घेतलेला माणूस कदाचित धडधाकट दिसत असतो. त्याच्यापासूनही सहजासहजी होत नाही, बहुतेकांचं शरीर या जंतूला दाद देत नाही. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत लागणीची भीती संपते. चट्टे थोडे असतील तर 6 महिने, जास्त असतील तर 12.

याला 12 महिने. एका गोळीने कातडी काळवंडते, लघवी लाल होते ती दुसरीने. आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून औषध सोडतो. चेहरा काळा का पडला म्हणून कोणी विचारलं, तर तो 'उन्हात काम असतं' म्हणतो.

येताना मी शेजारी बसलो. उशिरा सुचलेलं शहाणपण.

डॉक्टरांनी घरच्यांनाही तपासणीला आणायला सांगितलंय. बायकोला ठाऊक आहे, मुलीला अजून नाही. लग्नाआधी तिला सांगायचं की नाही, यावर आमचं दोनदा भांडण झालं. मी म्हणतो, तिच्यासाठी तरी सांग. तो म्हणतो, तुला काय जातंय बोलायला.

ही पोस्ट टाकण्याआधी त्याला वाचून दाखवली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गावाचं नाव नाही ना टाकलंस?"