विशेषणाचा न्याय

समीक्षा एखाद्या कृतीला न्याय देते की नाही, हा प्रश्न बहुधा समीक्षकाच्या अंतिम निर्णयापाशी विचारला जातो. वास्तविक तो त्याच्या पहिल्या विशेषणापाशीच विचारायला हवा. लातूर जिल्ह्यातील काटगाव येथे १९४० साली जन्मलेल्या आणि २०२५ मध्ये निधन पावलेल्या रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा' (१९७१) या कादंबरीची गणना महत्त्वाच्या कादंबऱ्यांत होते. पण ती 'महत्त्वाची ग्रामीण कादंबरी' म्हणून. विशेषण नामाच्या आधी येते आणि नामाचे काम उरकून टाकते.

कादंबरी सांगते ती एका शिंप्याची बायको, आपल्या बोलीत. निवेदक स्त्री आहे, शेतकरी नाही, आणि तिचे घर गावातील सत्तावानांच्या मर्जीवर उभे आहे. घराबाहेरच्या घडामोडी तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचतात, तिच्या न कळण्यातून वाचकाला काय कळते, हे प्रश्न निवेदनमीमांसेचे आहेत. नागर कादंबरीला ते सहज विचारले जातात. येथे मात्र 'मातीचा गंध' आणि 'बोलीचा गोडवा' एवढ्यावर रसिकता थांबते. गोडवा ऐकणाऱ्याला जाणवतो. बोलणाऱ्या बाईला तिचे बोलणे गोड वाटण्याचे काही कारण नाही.

शिवाय 'मराठवाडी बोली' ही एकच एक वस्तू नव्हे. उदगीर-निलंग्याकडे कन्नडचा शेजार, देगलूर-बिलोलीकडे तेलुगूचा, आणि १९४८ पर्यंतच्या निजामी राजवटीमुळे कचेरीपासून बाजारापर्यंत उर्दूचा वावर. हा भेद कानाला न कळणारा समीक्षक बोलीच्या 'अस्सलपणा'ची ग्वाही कोणत्या आधारावर देतो, हे गूढच आहे.

हा प्रकार साहित्यापुरता नाही. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात 'ड्रॅगन क्वेस्ट' (१९८६), 'फायनल फँटसी' (१९८७) या परंपरेतील खेळांना पाश्चात्त्य समीक्षेने 'जपानी' भूमिकाप्रधान खेळ असे वेगळे नाव दिले. 'फायनल फँटसी'च्या सोळाव्या भागाचे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ मध्ये सांगितले की, हे नाव प्रथम कानी आले तेव्हा काही जपानी निर्मात्यांना ते भेदभावाचे वाटले होते. त्यांना खेळ करायचा होता, जपानी खेळ नव्हे. अशा खेळांचा व्याप अनेकदा कित्येक डझन तासांचा असतो, आणि परीक्षण मुदतीत द्यायचे असते. सावकाश रमण्यासाठी रचलेली गोष्ट घाईने उरकणाऱ्याला तिची संथ गती दोषच वाटणार. मुदत समीक्षकाची आणि ठपका कृतीवर, असा हा व्यवहार आहे.

यावर उपाय म्हणून सवलत देणे हाही अन्यायच. 'ग्रामीण असूनही' उत्तम आणि 'ग्रामीण म्हणून' क्षम्य ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत. ग्रामीण साहित्याच्या चळवळीने स्वतंत्र निकषांची मागणी केली ती रास्त होती. परंतु सुमार लेखनालाही अनुभवाच्या अस्सलपणाची ढाल मिळाली, हे नाकारता येत नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात बसून नरहर कुरुंदकरांनी भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहिले आणि 'धार आणि काठ'मध्ये मराठी कादंबरीचा ऐतिहासिक प्रवासही तपासला. प्रादेशिकतेची सूट त्यांनी स्वतःसाठी मागितली नाही. (त्यांचे नाव घेणारे या भागात पुष्कळ आहेत, त्यांच्यासारखा वाद घालणारे कमी.)

परीक्षेत प्रश्न येतो, 'ग्रामीण जीवनचित्रण या दृष्टीने कादंबरीचे मूल्यमापन करा.' निलंगा तालुक्यातून आलेली विद्यार्थिनी, जिच्या घरी आई याच वळणाची भाषा बोलते, मार्गदर्शिकेतील प्रमाण मराठीत लिहून मोकळी होते की, बोलीच्या वापरामुळे कादंबरीला जिवंतपणा आला आहे. त्या वाक्याला गुण मिळतात. तिच्या कानाला काय ऐकू आले, हे तिला प्रश्नपत्रिकेत कोणी विचारलेले नसते.