रंग लावण्याआधी

गेल्या हिवाळ्यात नातीचं लग्न झालं. लग्नाच्या पंधरा दिवस आधी वडस्याहून एक मुलगी घरी आली. पार्लर चालवते. वय असेल पंचवीस-सव्वीस. मला वाटलं, आता ही पेटी उघडेल आणि कामाला लागेल. पण तिने पेटी उघडलीच नाही. नातीला खिडकीजवळ उजेडात बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. चेहऱ्याला काय लावतेस? साबणाने तोंड ओढल्यासारखं होतं का? कशाने कधी पुरळ आलं होतं का? मग बोटावर चिमूटभर काहीतरी घेऊन नातीच्या कानामागे लावलं आणि म्हणाली, "हे दोन दिवस राहू दे. खाज आली, लाल झालं तर मला फोन कर. आणि लग्नाच्या आठ दिवसांत नवीन काही लावायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी."

मी बाजूला पेपर वाचत बसलो होतो. म्हणजे पेपर हातात होता, कान तिकडे होते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने मेकअपच्या गप्पा ऐकाव्यात, याचं तुम्हाला हसू येईल. पण त्या मुलीचं बोट नातीच्या कानामागे गेलं आणि मला साठ वर्षांपूर्वीचं दुसरं एक बोट आठवलं.

आमचा भाग झाडीपट्टीचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. धानाची शेती आणि जंगल. दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगाव मंडई भरते, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक. रात्री दहाला सुरू होणार आणि कोंबडा आरवेपर्यंत चालणार. होळीपर्यंत हा हंगाम. वडसा हे या नाटकांचं मुख्य ठाणं, नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथेच. 2023 मध्ये आमच्या गडचिरोली जिल्ह्याच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या लोकांना झाडीपट्टी रंगभूमीचं नाव कळलं. आम्हाला ते लहानपणापासून ठाऊक होतं, कारण आमच्याकडे नाटक न पाहिलेला माणूस सापडणं कठीण.

नाटकाच्या आधीपासूनची आमची दंडार. तिच्यात बायकांची कामं पुरुषच करत. 1967 साली मी सतरा वर्षांचा, मिसरूड जेमतेम फुटलेली, आवाज बारीक. साहजिकच लुगडं माझ्या वाट्याला आलं. गावातले एक म्हातारे शेतकरी सगळ्यांची तोंडं रंगवायचे. आम्ही त्यांना बुवा म्हणायचो.

बुवांची रंगपेटी म्हणजे एक पत्र्याचा डबा. त्यात सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ आणि मुर्दाडशिंग. पण डबा उघडायच्या आधी त्यांचं अर्ध्या तासाचं काम असायचं. पहिला प्रश्न, "तोंड धुतलास का गा?" धुतलं म्हटलं तरी पुन्हा धुवायला लावायचे, तेही थंड पाण्याने. डिसेंबरच्या थंडीत! आम्ही कुडकुडत शेकोटीकडे पळालो की ओरडायचे, "आगीजवळ बसू नको, घाम सुटला तर रंग धरत नाही." मग तोंड धोतराच्या सोग्याने टिपायचे. घासायचे नाहीत, टिपायचे. नंतर तळहातावर टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं. थंडीत ते तुपासारखं गोठतं. तळहात तळहातावर चोळून ते पातळ करायचं आणि गाल, कपाळ, नाकाच्या बाजू, कानामागे, गळ्याला हलक्या हाताने जिरवायचं. पाच मिनिटं बसवून ठेवायचं आणि जास्तीचं तेल कापसाने पुसून काढायचं. "तेल दिसलं नाही पाहिजे, पण असलं पाहिजे," असं ते म्हणत.

दाढी करताना कापलं असेल, फोड असेल, तर त्या जागेवर ते रंग लावत नसत. तेवढी जागा सोडून द्यायचे. आणि नवीन माणूस असला की कालवलेला रंग आधी बोटाने कानामागे लावायचे आणि बिडी ओढत बसायचे. बिडी संपली की विचारायचे, "आग होते का?"

मी एकदा चिडून म्हणालो, "बुवा, लोक येऊन बसले, कानामागं कोण पाहणार आहे?" ते म्हणाले, "लोकायले रंग दिसते. मले चामडी दिसते."

पुढे नागपूर विद्यापीठाची बी.ए. झालो, शिक्षक झालो, आणि हे सगळं का करायचं ते हळूहळू वाचनातून कळलं. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर कागदासारखा पातळ असतो. मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि त्यांच्यामधे चरबीचा गारा. हा गारा शाबूत असला तर आतलं पाणी बाहेर जात नाही आणि बाहेरचं विष सहजी आत शिरत नाही. कडक साबण, सोडा, जोरात घासणं, यांनी आधी हा गाराच निघून जातो. कोरड्या कातडीवर भुकटीचा लेप दिला तर लेप तिच्यातलं पाणी ओढतो, भेगाळतो, आणि पुसताना कातडी सोलवटते. तेलाचा पातळ थर असला तर रंग सारखा बसतो आणि निघतोही सहज.

हे फक्त आमच्या बुवांना माहीत होतं असं नाही. केरळात कथकलीचे रंग खोबरेल तेलात कालवतात. जपानच्या काबुकी नाटकातले नट पांढरा रंग लावण्याआधी चेहऱ्याला मेणासारखं तेल चोळून घेतात. पण नुसत्या तेलाने सगळं निभत नाही. त्यांचा तो पांढरा रंग पूर्वी शिशाचा असायचा. 1887 साली जपानच्या सम्राटासमोर खेळ चालू असताना एका मोठ्या नटाचे पाय थरथरायला लागले, आणि तो शिशाच्या विषाचा परिणाम होता असं निघालं. आमच्या बुवांच्या डब्यातलं मुर्दाडशिंगही शिशाचंच, आणि हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. सफेदा जस्ताचाही मिळतो आणि शिशाचाही. जस्ताचा बिनधोक, आजही घामोळ्याच्या पावडरीत असतो. बुवांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं. पण रंगाची भीती ठाऊक होती. म्हणून ते कानामागे लावून थांबायचे.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. इतकी वर्षं सांगितलं नाही.

1986 साल. गडचिरोली जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. मी जंगलातल्या एका गावात माध्यमिक शाळेवर होतो. गॅदरिंगचं नाटक दरवर्षी माझ्याकडे. त्या वर्षी राजा हरिश्चंद्राची कथा बसवायची ठरली. तारामतीसाठी नववीतली एक मुलगी निवडली. गोंड समाजातली, रंगाने काळी, आवाज असा की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही शब्द न् शब्द कळावा. तिच्यासारखं मराठी वाचणारी दुसरी मुलगी शाळेत नव्हती. निवड माझी होती आणि योग्य होती.

पण तालमीच्या वेळी कोणीतरी म्हणालं, "राणी अशी कशी?" आणि मी, बुवांच्या हाताखाली तोंड रंगवून घेतलेला मी, हो म्हणालो. तिला जवळ बोलावून सांगितलं, "आठ दिवस रोज लिंबू आणि खाण्याचा सोडा लावून तोंड घासायचं. रंग उजळला पाहिजे." सगळ्या मुलांसमोर सांगितलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गोरेपणाचं क्रीम या देशात 1975 पासून विकलं जात होतं, ते गावच्या दुकानापर्यंत पोचलं होतं. मी तर फुकटचा उपाय सांगत होतो!

गॅदरिंगच्या रात्री बावीस मुलं रंगवायची होती. खोबरेल तेलाची बाटली थंडीने थिजलेली. शेकोटीजवळ धरली असती तर दोन मिनिटांत सुटली असती. मी ती बाजूला ठेवली. बाजारातून पुडीत बांधून आणलेली सुटी पांढरी पावडर होती, कशाची ते विचारलं नव्हतं. पाण्यात कालवली आणि त्या मुलीच्या लिंबू-सोड्याने आधीच सोलवटलेल्या गालांवर दोन थर दिले. इतरांना एक, तिला दोन. कानामागे लावून पाहिलं नाही. आग होते का, असंही विचारलं नाही.

तिने काम अप्रतिम केलं. स्मशानाच्या प्रवेशात बायका पदर डोळ्यांना लावून रडल्या. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी विंगेत उभा राहून मनात म्हणत होतो, काय अभिनय करते पोर! पडदा पडल्यावर कळलं. चेहरा सुजला होता. तासभर आग सोसत उभी होती ती.

सूज उतरली, पण गालांवर काळे डाग राहिले. सावळ्या, काळ्या कातडीला जखम झाली, पुरळ आलं, की बरं होताना तिथे जास्तीचा रंग साठतो आणि तो डाग महिनोन् महिने जात नाही. हेही मी नंतर वाचलं. तिची आई चार दिवसांनी शाळेत आली. मला वाटलं भांडेल. भांडली नाही. व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, माह्या पोरीच्या रंगात का वाईट होतं जी?"

मी शास्त्र शिकवत नव्हतो, भाषा शिकवत होतो. तरी माझ्याकडे शब्द नव्हता. आज उत्तर देता येईल. काळ्या आणि गोऱ्या माणसाच्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी जवळपास सारख्याच असतात. फरक त्या किती आणि कसा रंग बनवतात याचा. आणि तो रंग म्हणजे उन्हापासून वाचायला निसर्गाने दिलेली छत्री. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण तेव्हा मी मान खाली घातली. ती मुलगी पुढच्या वर्षी नाटकात आली नाही. मी विचारलंही नाही.

असो. तर त्या पार्लरवाल्या मुलीला मी विचारलं, "बाई, तुम्ही गोरं करून देता ना?" ती हसली. म्हणाली, "नाही आजोबा. जो रंग आहे त्याच रंगाचं फाउंडेशन घेते. चेहरा गोरा आणि गळा काळा, असं मी करत नाही." मग तिने सगळा क्रम समजावून सांगितला. सौम्य फेसवॉशने तोंड धुवायचं, टिपून घ्यायचं, ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, ते जिरायला थोडा वेळ, मग प्रायमर, त्यानंतर मेकअप. नावं इंग्रजी, पण पद्धत बुवांचीच. गोरं करणाऱ्या स्वस्त क्रीमबद्दल विचारलं तर तिने हात जोडले. 2023 मध्ये अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांवर अशा क्रीममुळे परिणाम झाल्याची बातमी तिच्या लक्षात होती. तपासणीत त्या क्रीममध्ये पारा निघाला होता. मोठ्या कंपनीने 2020 साली आपल्या क्रीमच्या नावातून 'फेअर' शब्द काढला, पण बाजारातल्या बिननावाच्या डब्या अजून आहेतच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी पत्रिकांच्या गठ्ठ्यातून एक पत्रिका काढली, मुलाला गाडी काढायला सांगितली आणि चामोर्शी तालुक्यातल्या एका गावी गेलो. ती तिथे अंगणवाडी सेविका आहे, हे मला बरीच वर्षं माहीत होतं. आता पन्नाशी उलटलेली, केस पांढरे. पाया पडली. चहा झाला. पत्रिका दिली. मग मी सांगितलं की 1986 ची ती रात्र माझी चूक होती. तेल लावलं नाही ही चूक होतीच, पण तुझा रंग बदलायला निघालो ही त्याहून मोठी. मला माफ कर.

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, मला तर इतकी वर्षं वाटत होतं की माझंच चुकलं. तुम्ही आठ दिवस घासायला सांगितलं होतं. मी सहाच दिवस घासलं. घरचे लिंबू संपले होते."

परत येताना गाडीत मी एक शब्द बोललो नाही.

डिसेंबर-जानेवारीत शाळाशाळांत गॅदरिंगं होतील. ज्या शिक्षकांच्या हाती मुलांचे चेहरे येतील त्यांना एका म्हाताऱ्या मास्तराचं एवढंच सांगणं आहे. पावडर कशाची आहे ते विचारा. दोन दिवस आधी कानामागे लावून पाहा. तोंड धुवा, टिपा, तेल लावा, थांबा. तेल थिजलं असेल तर शेकोटीजवळ धरा, दोनच मिनिटं लागतात. जखमेवर रंग लावू नका. आणि रंग लावताना मधेच विचारा, आग होते का म्हणून. आपण विचारल्याशिवाय मुलं सांगत नाहीत.