पाच लिही, दोनच पाठव

प्रिय छोटी,


यंदा पाच दिवाळी अंकांनी तुझ्याकडे कथा मागितली आणि तू पाचही जणांना हो म्हणालीस, असं ताई सांगत होती. ऐकून आनंद झाला. वाशिमजवळच्या मालेगावसारख्या तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान चालवणाऱ्या पोरीला संपादक आपणहून फोन करतात, ही लहानसहान गोष्ट नाही. तरीही मावशी म्हणून सांगते, पाच लिही, पण दोनच पाठव.

गेल्या दिवाळीतल्या तुझ्या कथा मी ओळीने वाचल्या. चार कथांचा शेवट जवळजवळ एकच आहे: बाप गेलेला आणि लेक माहेरच्या ओट्यावर बसलेली. अंक वेगवेगळे, त्यामुळे फारसं कुणाला जाणवलं नसेल. पण तुझं नाव शोधून वाचणाऱ्याला ते जाणवणारच, आणि तोच वाचक तुला जपायचा आहे. पाचवी कथा मात्र मनातून जात नाही. बाजार समितीत व्यापारी "ओलावा लय हाय, बाई" म्हणत भाव पाडतो. ती बाई भांडत नाही. पोत्यातला सोयाबीनचा एक दाणा दाताखाली धरते, कट्‌कन आवाज होतो, आणि उरलेला अर्धा दाणा ती त्याच्या तळहातावर ठेवते. त्या अर्ध्या दाण्यासाठी तू किती पानं फाडलीस, ते मला ठाऊक आहे.

म्हणून कमी लिही, असं मी म्हणणार नाही. आतून येईल तेव्हाच लिहावं, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. त्या चार कथांवर हात चालला नसता, तर पाचवी हाती लागली नसती. अरुण कोलटकरांचं बघ. जाहिरातींच्या कामावर त्यांचं घर चाललं. 'अरुण कोलटकरच्या कविता' हा संग्रह १९७७ साली आला आणि पुढचे मराठी संग्रह यायला पंचवीसहून अधिक वर्षं गेली. त्या वर्षांत ते लिहीतच होते. फक्त छापायची घाई नव्हती. याउलट बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांना मी कमी लेखत नाही. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांमुळे कितीतरी घरांत वाचनाची गोडी लागली. पण तो वेगळा संसार होता. दर महिन्याला नवं पुस्तक मागणारा वाचक दारात उभा होता.

तुझी चूल कथांवर पेटत नाही. काही अंक थोडंफार मानधन देतात, काही नुसता अंक पाठवतात. तुझं घर लग्नपत्रिकांवर, फ्लेक्सवर चालतं. मग जिथे पैसा नाही तिथे ही धावपळ कशाला? नाव लोकांसमोर राहावं म्हणून, असं तू म्हणशील. खरं आहे, खेड्यापाड्यातल्या लेखकाला विसरायला वेळ लागत नाही. पण शिरपूर जैन आपल्याच तालुक्यात आहे. तिथले नामदेव कांबळे वाशिमला शाळेत नोकरी करत लिहीत राहिले. त्यांच्या 'राघववेळ' कादंबरीला १९९५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पुण्या-मुंबईत न राहताही त्यांचं नाव दूरवर गेलं.

आणि दुकानामुळे लिहिणं मागे पडतं, ही तुझी तक्रार मला पटत नाही. लगीनसराईत तुझ्या शेजारी बसून मी पाहिलंय. कुणाच्या पत्रिकेवर अंतरिक्ष पार्श्वनाथ, कुणाच्या पत्रिकेवर डव्ह्याचे नाथनंगे महाराज. निमंत्रकांत थोरल्या काकांचं नाव धाकट्याच्या खाली गेलं म्हणून रुसलेलं घर. प्रूफ वाचताना "आजोबांच्या नावामागे कै. लावायचं राहिलं" असं कुणी म्हणालं, तेव्हा तू किती हळू आवाजात विचारलंस, "कधी गेले?" माणसं अशी उलगडताना दुसऱ्या कुठल्या लेखकाला बघायला मिळतात? ती कामं भरपूर घे आणि चोख कर.

तिघा संपादकांना नकार कळवायचा तो आत्ताच कळव, म्हणजे त्यांना दुसरीकडे कथा मागायला वेळ मिळेल. ज्यांनी आधी विचारलं, त्यांना आधी दे. एखादा रागावून पुढच्या वर्षी विचारणार नाही, कदाचित त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तेवढं सोसायची तयारी ठेव.

पोळ्याला मी येतेच आहे. न पाठवलेल्या तिन्ही कथांचे खर्डे काढून ठेव. त्यातल्या एकीतली सासू मला अजून पटलेली नाही. ती सुनेला पैसे देते, पण का देते तेच कळत नाही. त्यावर बोलू.

तुझी,
मावशी