‘असताना’, ‘झाल्यावर’ आणि ‘होईपर्यंत’

भाषेचे सामर्थ्य मोजताना आपण काव्याकडे, नाटकाकडे पाहतो; कारखान्यातील यंत्राकडे सहसा पाहत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रांची विद्युत-जोडणी करण्यात आणि सायंकाळी कामगार मुलांना पीएलसी शिकविण्यात माझी अनेक वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगतो, वाचकहो, कालबद्ध क्रमाचा प्रोग्राम रचण्यास लागणारे व्याकरण मराठीत सिद्धच आहे.

फाउंड्रीतील वाळूचा मिक्सर घ्या. वाळू आणि बेंटोनाइट ६० सेकंद कोरडेच फिरावे; मग २० सेकंद पाणी; नंतर १२० सेकंद मिश्रण; शेवटी ३० सेकंद दार उघडून वाळू बाहेर. चारही टप्प्यांत मोटार चालू राहते. पाण्याचा व्हॉल्व्ह केवळ दुसऱ्या टप्प्यात उघडतो, दार केवळ चौथ्यात.

यासाठी जो टायमर लागतो त्याचे नाव ‘ऑन-डिले’. एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, डिले म्हणजे उशीर ना? मग उशीर कोणाला झाला?” मी त्याला आकृती बाजूस ठेवावयास सांगितले आणि विचारले, नव्या पोऱ्याला हे काम तू कसे समजावशील? तो म्हणाला, “पाणी चालू असताना वेळ मोज. वीस सेकंद झाल्यावर पाणी बंद कर आणि मिश्रण चालू कर. मोटार मात्र वाळू बाहेर पडून होईपर्यंत थांबवू नकोस.” प्रोग्राम पूर्ण झाला होता! ‘असताना’ ही टायमरला चालविणारी अट. ‘झाल्यावर’ हा वेळ पुरी होताच मिटणारा त्याचा कॉन्टॅक्ट, जो चालू टप्पा पुसून पुढचा लावतो. आणि ‘होईपर्यंत’ म्हणजे धरून ठेवलेले आउटपुट.

पुढचा प्रश्न अधिक गंभीर होता. पाणी पडत असताना वीज गेली तर? साध्या टायमरची अट सुटली की मोजलेला वेळ शून्यावर येतो. वेळ स्मरणात ठेवणारा टायमरही मिळतो. कोणता घ्यावा, यावर वर्ग अडला असता मागील बाकावरून आवाज आला, “आणि तेवढ्यात कोणी सफाईला आत उतरला असेल तर?” वर्ग स्तब्ध झाला. हा प्रश्न इंग्रजीत पाठ केलेल्या व्याख्येतून आला नसता.

उत्तर आम्ही मिळून लिहिले. वीज परतल्यावर सारे टप्पे पुसले जावेत. माणसाने बटण दाबल्याखेरीज मिक्सर हलू नये. क्रम पुन्हा पहिल्यापासून चालविल्यास अर्धवट भिजलेल्या वाळूत दुसऱ्यांदा पाणी पडेल. म्हणून ती आधी रिकामी करण्याची सोय स्वतंत्र असावी. आपत्कालीन बटणाने मोटारीचा पुरवठा थेट तोडावा, प्रोग्रामवर विसंबू नये. आणि आत उतरणाऱ्याने मुख्य स्विचला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवावी.

एका कारखान्यात पडद्यावरील सूचना मराठीत देण्याचे मी सुचविले, तेव्हा ‘कामाची भाषा इंग्रजी’ असे उत्तर मिळाले. परंतु मिक्सरपाशी उभा असणारा माणस इंग्रजी वाचणारा नव्हता. आता माझ्या प्रोग्रामांत टिपणे मराठीत असतात आणि जेथे पडदा तशी मुभा देतो तेथे सूचना मराठीत व कन्नडात शेजारी-शेजारी असतात. कारण पाळीवर कोण येईल हे यंत्राला ठाऊक नसते. ज्याचा हात धोक्यात आहे, त्याच्या भाषेत ‘थांबा’ लिहिलेले असावे, एवढेच माझे मागणे आहे.